एका पंगतीचे बंधू

मनुष्य देवापुढे उभा राहतो तेव्हा आपला मोठेपणा उंबऱ्याबाहेर ठेवून येतो, अशी आपली समजूत असते. इतिहास मात्र सांगतो की, पुष्कळदा पादत्राणे तेवढी बाहेर राहतात आणि मोठेपणा माणसाबरोबर आत जातो. ख्रिस्ती धर्मात सर्व मनुष्ये एका पित्याची लेकरे मानिली आहेत. तरीही जगाच्या अनेक भागांत गोऱ्या आणि काळ्या ख्रिस्ती लोकांनी पिढ्यानुपिढ्या वेगळ्या बाकांवर, पुढे वेगळ्या चर्चमध्ये, त्याच देवाची प्रार्थना केली. ही फूट कशी पडली, ती सांधण्याचे प्रयत्न कोणी केले, आणि राजकारणात परस्परविरुद्ध बाजूंना उभी असलेली माणसे एकत्र येऊ शकतात काय, हे या लेखात पाहण्याचे आम्ही योजिले आहे. विषय दूरदेशीचा वाटेल. परंतु या प्रश्नाची काही उत्तरे आमच्या लांजीच्या भोवतालीच, कोणी राजनांदगावच्या वाटेवर, कोणी मैकलच्या डोंगरात, तर कोणी नागपुरात शोधली आहेत. त्यामुळे तो आपलाही विषय आहे.

प्रथम परदेशाकडे पाहू. अमेरिकेत आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांना बाप्तिस्मा मिळाला, पण बाकावर बरोबरीची जागा मिळाली नाही. फिलाडेल्फिया शहरातील सेंट जॉर्ज चर्चमध्ये काळ्या उपासकांना प्रार्थना चालू असतानाच जागेवरून उठविण्यात आले. तेव्हा रिचर्ड ॲलन व त्यांचे सोबती तेथून बाहेर पडले, आणि पुढे १८१६ साली त्यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांचे एक स्वतंत्र मेथॉडिस्ट चर्च स्थापन झाले. १८४५ साली दक्षिणेकडील गोऱ्या बाप्टिस्ट लोकांनी उत्तरेशी फारकत घेतली. गुलाम बाळगणाऱ्या मनुष्यास मिशनरी म्हणून नेमावे की नेमू नये, हा त्या वादाचा विषय होता. गुलामगिरीच्या त्या समर्थनाबद्दल या संस्थेने काळ्या बांधवांची क्षमा मागितली ती १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी.

दक्षिण आफ्रिकेची कथा याहून बोधप्रद आहे. तेथील डच रिफॉर्म्ड चर्चच्या सभेत १८५७ साली एक ठराव झाला. सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच इष्ट व शास्त्रसंमत आहे असे त्यात मान्य केले होते; परंतु काही दुबळ्या मनाच्या लोकांना ते सोसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी उपासना चालू द्यावी, अशी सवलत ठेवली होती. १८८१ मध्ये काळ्या-सावळ्या लोकांसाठी चर्चच वेगळे झाले. १९४८ नंतर सरकारनेच वर्णभेदाला कायद्याचे रूप दिले, तेव्हा त्याला धर्माचा आधार देण्यास हीच परंपरा उपयोगी पडली. तात्पुरता म्हणून टांगलेला आडपडदा अशा रीतीने दगडी भिंत झाला! १९८२ साली कॅनडातील ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघाने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड ठरविले व तेथील गोऱ्या चर्चांचे सदस्यत्व स्थगित केले. १९९४ च्या एप्रिलमध्ये काळ्या व मिश्रवर्णीय लोकांची दोन चर्चे एक झाली. गोऱ्यांच्या मूळ चर्चशी त्यांचे पूर्ण मीलन मात्र अद्यापि व्हावयाचे आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे वर्णाच्या भेदाबरोबर आणखी एक भेद होता. गोरा मनुष्य हा राज्यकर्त्यांच्या जातीचा, आणि हिंदी मनुष्य हा प्रजेपैकी. त्यामुळे एकाच धर्माचे दोघे एकत्र आले तरी त्यांच्यामध्ये इंग्रजी राज्य उभे असे.

१८९३ हे साल आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या जून महिन्यात दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्ग स्थानकावर मोहनदास गांधी या तरुण बॅरिस्टरांना, पहिल्या वर्गाचे तिकीट असूनही, एका गोऱ्या उतारूच्या तक्रारीवरून गाडीतून उतरविण्यात आले. त्याच वर्षी आपल्या देशात दुसऱ्या एका आगगाडीत निराळाच प्रसंग घडला. मराठीचे कवी नारायण वामन टिळक राजनांदगावास निघाले होते. नागपूरकडून तिकडे जाणारा लोहमार्ग गोंदिया, आमगाव, डोंगरगड असा जातो. आमच्या भागातील मंडळी आजही आमगाव अथवा गोंदिया येथे जाऊन याच मार्गाने प्रवास करतात. त्या प्रवासात टिळकांना डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने त्यांच्याशी आदराने संभाषण केले, आणि निघताना नव्या कराराची प्रत त्यांना भेट दिली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

कोणी कोणता धर्म स्वीकारावा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. येथे आपल्याला पाहावयाचे आहे ते माणसांचे वर्तन. एका डब्यात गोऱ्या मनुष्याने काळ्या मनुष्याला शेजारी बसू दिले नाही. दुसऱ्या डब्यात एका गोऱ्याने हिंदी मनुष्याला बरोबरीचा मानून त्याच्याशी वार्तालाप केला. सौजन्य ही एकीची पहिली पायरी आहे, हे यावरून दिसते. परंतु पहिल्या पायरीवर उभे राहणारा घरात पोहोचत नाही.

ही उणीव जगापुढे स्पष्टपणे मांडली ती व्ही. एस. अझरिया या तमिळ ख्रिस्ती पुढाऱ्याने. १९१० साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे मिशनऱ्यांची जागतिक परिषद भरली होती. प्रतिनिधींत युरोप-अमेरिकेच्या लोकांचाच भरणा होता. त्यांच्यापुढे उभे राहून अझरियांनी सांगितले की, परदेशी मिशनऱ्यांचा त्याग व कष्ट आम्ही कृतज्ञतेने स्मरतो. परंतु त्यांच्यात व आमच्यात स्नेह नाही. एकमेकांच्या घरी जाणे-येणे नाही, एकत्र भोजन नाही. आम्हांला आता मित्र हवे आहेत. हे शब्द अनेकांना झोंबले. तथापि त्यांतील मर्म फार खोल होते. उपकार करणारा वर असतो आणि घेणारा खाली. मित्र मात्र एका पातळीवर बसतात. १९१२ साली हेच अझरिया अँग्लिकन पंथाचे पहिले हिंदी बिशप झाले.

टिळकांचाही अनुभव याच दिशेचा होता. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले, ‘ज्ञानोदय’ पत्राचा मराठी भाग संपादिला, भजने रचिली. संत तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. परंतु ख्रिस्ती धर्म या देशात परकी पोशाखात वावरतो व परक्यांच्या पैशावर चालतो, हे त्या देशाभिमानी पुरुषास सहन होत नव्हते. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडिले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुसमाज उभारण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेच न घेतलेल्यांनाही त्यात स्थान होते. १९१९ च्या मे महिन्यात टिळक निवर्तले आणि ते कार्य अपुरे राहिले.

त्यांचा हा विचार पुढे नेणाऱ्यांत एक इंग्रज होता, ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट होय. जॅक विन्स्लो हे अहमदनगर भागात काम करणारे अँग्लिकन मिशनरी. टिळकांचे इंग्रजी चरित्र त्यांनीच लिहिले. मिशनऱ्याच्या बंगल्यात राहून हिंदी लोकांशी बंधुत्व जोडता येत नाही, हे त्यांनी ओळखले, आणि १९२२ साली अहमदनगर येथे ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. काही वर्षांनी संघाचा आश्रम पुण्यास शिवाजीनगर भागात आला. तेथे इंग्रज व हिंदी सभासद एका छपराखाली राहत, खादी वापरीत, जमिनीवर मांडी घालून एकाच पंगतीत शाकाहारी जेवण जेवीत. आज या गोष्टीत काही विशेष वाटणार नाही. परंतु ज्या काळी इंग्रजांच्या क्लबाच्या दारातून हिंदी मनुष्यास आत घेत नसत, त्या काळी ऑक्सफर्डच्या पदवीधराने पाटावर बसून भाकरी मोडणे ही लहान गोष्ट नव्हती. येथे एकीची दुसरी पायरी लाभली. कोणी कोणावर मेहेरबानी करीत नव्हते. चूल एक होती, नियम एक होता.

परंतु एकत्र जेवणाऱ्यांची मते एक असतातच असे नाही, आणि खरी परीक्षा १९३० च्या सुमारास आली. मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला. इंग्रजी राज्य हवे की स्वराज्य, या प्रश्नावर ख्रिस्ती लोकांतही दोन तट पडले. राज्य हे ईश्वरी योजनेनेच आले आहे असे मानणारे त्यांच्यात होते, आणि काँग्रेसच्या बाजूने उभे राहणारेही होते. संघाच्या आश्रमात या सुमारास व्हेरिअर एल्विन नावाचा एक तरुण इंग्रज राहत होता. तो ऑक्सफर्डचा विद्वान, वडील आफ्रिकेतील सिएरा लिओनचे बिशप. १९२८ साली साबरमतीस त्याची गांधीजींशी भेट झाली आणि तो स्वराज्याचा पक्षपाती झाला. १९३१ साली विन्स्लो व एल्विन या दोघा इंग्रजांनी मिळून हिंदी स्वातंत्र्याचा कैवार घेणारे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि यॉर्कचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांनी त्यास प्रस्तावना लिहिली. राज्यकर्त्यांच्या जातीचे लोकच प्रजेची बाजू मांडू लागले, हे पाहून पुष्कळ इंग्रज रुष्ट झाले.

याच आश्रमात एल्विनला शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती तरुण भेटला. एक इंग्रज, एक महाराष्ट्रीय. या दोघांचा स्नेह इतका दृढ झाला की, पुढील वीसएक वर्षे त्यांचे जीवनकार्य एकच होते. ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे मुंबईच्या मणिभवनात गांधीजींना अटक झाली, तेव्हा हे दोघेही तेथे हजर होते. त्याच महिन्यात पठाणांच्या प्रांतात सरकारी दडपशाही कशी चालली आहे हे पाहण्यासाठी दोघे पेशावरकडे गेले. पोलिसांनी त्यांना तेथून परत पाठविले. मग ३० जानेवारी १९३२ रोजी ते मैकल पर्वतातील करंजिया या खेड्यात येऊन दाखल झाले. हे गाव तेव्हा मंडला जिल्ह्यात होते, आता ते दिंडोरी जिल्ह्यात मोडते. आमच्या बालाघाट जिल्ह्यातील बैहरच्या डोंगरांशी जोडलेलीच ती रांग होय. गोंड लोकांत काम करावे ही कल्पना त्यांना वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांच्याकडून मिळाली होती.

करंजियास त्यांनी झोपड्या बांधून शाळा काढल्या, औषधालय चालविले, कुष्ठरोग्यांसाठी निवारा उभारला. कोणाचे धर्मांतर करावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले होते. गावकरी एल्विनला ‘बडा भाई’ आणि शामरावांना ‘छोटा भाई’ म्हणू लागले. साहेब आणि त्याचा नोकर, अशी जोडी पाहण्याची ज्या प्रदेशाला सवय होती, त्या प्रदेशाने या दोघांना भाऊ म्हणून ओळखले, हे त्यांच्या कार्याचे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्रक म्हणावे लागेल. बैगा लोकांवरील एल्विनचा प्रसिद्ध ग्रंथ १९३९ साली निघाला. परधान लोकांवर शामरावांनी लिहिलेला ग्रंथ १९४६ साली. मैकलच्या लोकगीतांचा संग्रह तर दोघांनी मिळूनच केला.

परंतु या एकीचे मोल त्यांना द्यावे लागले. धर्मोपदेशकाचे काम करण्यासाठी एल्विनला नागपूरचे बिशप अलेक्स वुड यांची परवानगी हवी होती. त्यासाठी इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावयास हवी होती, आणि ती घेणे एल्विनच्या सदसद्विवेकबुद्धीस मान्य नव्हते. परवानगी नाकारण्यात आली. त्याच वर्षी आजारपणामुळे तो इंग्लंडला गेला असता, राजकारणात भाग घेणार नाही असे लिहून दिल्याखेरीज सरकार त्याला परत येऊ देईना. गोंडांचे काम अर्धवट पडू नये म्हणून त्याने तसे लिहून दिले. शेवटी १९३५ साली तो चर्चपासूनच दूर झाला. पुढे १९५४ साली त्याने भारताचे नागरिकत्व घेतले; १९६१ साली त्याला पद्मभूषण पदवी मिळाली.

येथे विचारी वाचक म्हणेल, मग ही एकी साधली कुठे? धर्मसंस्थेला तर एल्विनला पोटात घेता आले नाही! हा आक्षेप खरा आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दोन मित्रांना जे साधले ते त्या वेळी संस्थेला साधले नाही, कारण धर्माच्या पंगतीत बसण्यासाठी राजनिष्ठेचे तिकीट मागितले जात होते. जेथे राजकीय मत ही प्रवेशाची अट होते, तेथे एकी टिकत नाही. मग ती अट राज्याच्या बाजूची असो वा विरोधाची.

तरीही संस्था बदलू शकतात, याचेही उदाहरण नागपुरानेच दिले आहे. हिंदुस्थानात आलेल्या मिशनऱ्यांनी धर्माबरोबर आपापल्या देशातील पंथभेदही आणिले होते. कोणी इंग्लंडचे, कोणी स्कॉटलंडचे, कोणी अमेरिकेचे, कोणी ऑस्ट्रेलियाचे. भांडणे परदेशची आणि विभक्त झाली ती येथील भावंडे! दक्षिणेत १९४७ च्या सप्टेंबरात, स्वातंत्र्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, अनेक पंथ मिळून एक चर्च झाले. त्यासाठी झटलेले अझरिया मात्र १९४५ सालीच वारले होते. उत्तर भारतातील बोलणी १९२९ पासून चालू होती. ती फळास येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथांचे एकच ‘उत्तर भारताचे चर्च’ स्थापन झाले. अँग्लिकन व बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट व ब्रदरेन अशी निरनिराळ्या रीतींची मंडळी त्यात होती. लहानपणी बाप्तिस्मा द्यावा की मोठेपणी, या जुन्या वादात दोन्ही रीती मान्य करण्यात आल्या. एकमत होईपर्यंत थांबले असते तर ते अजून थांबलेच असते. एकेचाळीस वर्षे चिकाटीने बोलत राहिले, म्हणून एका घरात आले. त्या चर्चचे पहिले प्रमुख एरिक नासिर हे भारतीयच होते.

गोऱ्या लोकांचे दोष मोजताना आपल्या घरातील भिंतीकडे मात्र डोळेझाक करून चालणार नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. अमेरिकेतील काळ्यांचे दुःख व येथील शूद्रातिशूद्रांचे दुःख ही एकाच जातीची आहेत, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते. अमेरिकेतील काळ्यांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग हे १९५९ साली भारतात आले होते. त्रिवेंद्रम येथील एका शाळेत त्यांची ओळख ‘अमेरिकेतील अस्पृश्य बांधव’ अशी करून देण्यात आली, असे त्यांनी पुढे १९६५ च्या एका प्रवचनात सांगितले. ते क्षणभर चपापले. परंतु विचार करता त्यांना ते खरेच वाटले. आपल्याकडील ख्रिस्ती समाजातही जातिभेदाने पुष्कळ ठिकाणी आपली वेगळी बाके मांडलीच होती.

ही भिंत कशी पडते, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ मध्ये फार सुंदर रीतीने आले आहे. पती ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे, आपली वेगळी चूल व वेगळे पाणी कित्येक दिवस सांभाळले. मग एके दिवशी त्यांनी स्वतःशीच विचार केला की, जातिभेद देवाने केला की माणसांनी? उत्तर मिळताच त्यांनी निश्चय केला की, यापुढे कोणाच्याही हातचे खाईन. हा निश्चय त्यांनी बाप्तिस्मा घेण्याच्या पूर्वीच केला होता. म्हणजे तो धर्मांतराचा परिणाम नव्हता. ती एका सरळ मनाच्या मराठी गृहिणीची विवेकबुद्धी होती.

विद्यार्थिमित्रांनो, या सर्व इतिहासाचे सार काढू गेल्यास काही गोष्टी ठळक दिसतात. सौजन्याने आरंभ होतो, पण बरोबरीवाचून ते पुरे पडत नाही. बरोबरी ही भाषणाने येत नाही. चूल, काम आणि अधिकार यांत वाटा दिल्याने येते. झालेल्या अन्यायाचा उच्चार टाळून केलेली एकी पोकळ असते, म्हणूनच दीडशे वर्षांनी का होईना, क्षमा मागावी लागते. आणि राजकीय मतभेद मिटण्याची वाट पाहू नये. मत वेगळे असूनही मनुष्य आपला आहे, हे आधी ठरवावे. ‘दुबळ्यांसाठी सवलत’ म्हणून मांडलेला वेगळा पाट वेळीच उचलावा. तो पुढे कोणाच्याने हलत नाही.

लांजीच्या लोकांना हे समजावयास अवघड जाऊ नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आमच्या व आमगाव-गोंदियाच्या मध्ये राज्याची सीमा आली. कालपर्यंत एका राज्यातील सोयरे दोन राज्यांत वाटले गेले. तरी रोटी-बेटीचे व्यवहार थांबले नाहीत. घरी मराठी, बाजारात हिंदी, कोणाच्या चुलीपाशी पोवारी तर कोणाच्या अंगणात गोंडी, असे आपले बोलणे चालते. निवडणुकीच्या दिवसांत गावात दोन तट पडतात. परंतु लग्नाच्या मांडवात पंगत बसली म्हणजे वाढणारा मनुष्य पक्ष विचारीत नाही. मात्र त्याच पंगतीत कोणी दूर, मांडवाच्या कडेला बसविला गेला आहे काय, हे पाहण्याचे डोळे आपल्यापाशी असले पाहिजेत. तसा कोणी दिसल्यास नुसता खेद करीत न बसता उठावे आणि त्याच्या शेजारी जाऊन बसावे. मैकलच्या डोंगरात बडा भाई आणि छोटा भाई यांनी याहून अधिक काही केले नाही, आणि याहून कमी करून कोणाचेही भागलेले नाही.